मागचं दार धुऱ्याकडं

नागपूरला मिहानमधल्या आमच्या कंपनीकडे अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाचे जुने नकाशे येतात. आयोवा राज्यातले, सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे. जमिनीचे सारखे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात मालकाचं नाव, किती एकर तो आकडा आणि घराच्या जागी एक काळं टिंब. ते टिंब संगणकावर बरोबर जागी बसवायचं, हे माझं काम. आपल्याकडे घरं गावात असतात आणि शेतं बाहेर. तिथे बहुतेकांचं घर स्वतःच्याच शेतात, शेजाऱ्यापासून लांब. अंतरं मोजता मोजता माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. नवरा दिवसभर नांगरामागे असेल, तर त्या टिंबातली बाई बोलत कोणाशी असेल?

उत्तर एका चुकीच्या शंकेमुळे मिळालं. एका ठिकाणी चार टिंबं अगदी चिकटून होती. एकच घर चारदा उमटलं असेल म्हणून संगणकाने त्यांवर लाल खूण केली. खात्री करायला मी त्या भागातल्या जुन्या लोकांच्या छापील आठवणी शोधल्या. त्यात लिडिया नावाच्या बाईने म्हातारपणी सांगितलेलं दीड पान सापडलं. नवऱ्याने पाण्याची सोय पाहून ओढ्याकाठी घर बांधलं होतं. साबण, मेणबत्त्या, लोणी, कपडे, सगळं ती एकटीने करायची. पहिलं बाळंतपणही एकटीनेच झालं. हिवाळ्यात कित्येक आठवडे दुसरी बाई नजरेला पडत नसे. मग ती सकाळी बाहेर येऊन लांबच्या घराचा धूर पाहायची. धूर दिसला म्हणजे शेजारीण उठली, एवढंच कळायचं. पुढे चार शेतकऱ्यांनी ठरवून, चार शेतांचे कोपरे जिथे जुळतात तिथे घरं नेली. लिडियाचं लाकडी घर तर ओंडक्यांवर चढवून बैलांनी ओढत नेलं.

चारही टिंबं खरी होती. मी लाल खूण काढली.

त्याच आठवड्यात भिवापूरहून आईबाबा आले. बाबांचा गुडघा धंतोलीतल्या डॉक्टरांना दाखवायचा होता. नंबर लागायला वेळ होता, म्हणून मी बाकावर लॅपटॉप उघडून बाबांना नकाशा दाखवला आणि लिडियाच्या एकटेपणाबद्दल सांगितलं. त्यामागे माझा हेतू होता. रानडुकरं मिरचीचं पीक उकरतात म्हणून बाबांना गाव सोडून शेतात राहायला जायचं होतं. येत्या रविवारी जागेची आखणी होती. आई तयार नव्हती. कारण विचारलं की ती भांडी घासायला उठायची. मला वाटलं, लिडियाची गोष्ट ऐकून बाबांना तिचं म्हणणं कळेल.

"एकशे साठ एकर?" बाबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "आन् तरी बाई रडून राहिली होती?"

"रडत नव्हती बाबा. एकटी होती."

"मले दे एकशे साठ एकर. मी खुशीनं एकटा राहतो."

शेजारचे पेशंट हसले. बाबांना आणखी जोर चढला. "आन् त्या बाईपाशी मोबाईल नव्हता. तुह्या आईपाशी हाय. बोल म्हणा दिवसभर."

"कोणाशी बोलू?" बाबांच्या पलीकडे बसलेली आई म्हणाली. "प्रेमिलाबाईले फोन केला तं भाऊजी उचलतात."

प्रेमिलाबाई म्हणजे माझी मोठी आई, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बाबाराव, म्हणजे मोठे बाबा, आणि आमचे बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांच्या वावरांमध्ये जो धुरा आहे, म्हणजे बांध, त्यावरची बाभूळ कोणाची यावरून मी शाळेत असताना भांडण झालं. बाभूळ केव्हाच तोडून जाळली, अबोला राहिला. मोठे बाबा धुऱ्यापलीकडे घर बांधून राहतात. दोघी जावा भेटतात ती फक्त मिरचीच्या सातऱ्यावर. तिथे गावच्या बायका ढिगाभोवती बसून मिरचीचे देठ खुडतात. आई आणि मोठी आई शेजारी बसतात, हे बाबांना माहीत आहे. ते माहीत नसल्यासारखं वागतात. शेतात घर झालं की आमची मिरची घरीच खुडायची, असंही त्यांनी ठरवलं होतं.

म्हणजे आई भांडी घासायला का उठायची, ते मला त्या बाकावर कळलं.

"हे चार टिंबं इतके जवळ काहून वं?" आईने विचारलं.

मी बैलांनी ओढलेल्या घराची गोष्ट सांगितली. तिने लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला.

"म्हणजे धुऱ्यावरच आणले घरं."

"धुऱ्यावरच."

"भांडले नाही का माणसं?"

"तिने सांगितलं नाही."

"भांडले असतीन," आई म्हणाली. मग बाबांकडे वळून, "अवो, आपलं घर धुऱ्यापाशी घ्या."

"त्याच्या तोंडापुढं बांधू मी घर? रस्त्याकडं ठरलं ना आपलं?"

"रस्त्याकडून तिच्याकडं जायचं म्हणजे उघडं वावर. तुम्ही दोघं भाऊ दोन्हीकडून पाहत बसान. तुम्ही तोंड नका दाखवू त्यायले. पुढचं दार रस्त्याकडं ठेवा, मागचं धुऱ्याकडं. मागच्या दारात तुम्ही येता कवा?"

"देवराव कोण आहेत?" नर्सने हाक मारली. बाबा गुडघा धरून उठले आणि आत गेले.

रविवारी मीही गेले. ताराचंद मिस्त्री दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन आला होता. बाबांनी रस्त्याच्या बाजूला खुंट्या ठोकल्या होत्या. पूजा जोडीने करायची असते. बाबा पाट मांडून बसले, पण आई दिसेना. ती हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन धुऱ्यालगत मातीवर बसली होती.

"इकडं ये वं!" बाबा ओरडले.

"पूजा इथं होईन," आई म्हणाली. "नाही तं तुम्ही राहा इथं, राखा डुकरं. मी गावातच बरी."

ताराचंदने दोरी गुंडाळली, पुन्हा सोडली. "भाऊ, फक्की कुठं टाकू?"

बाबा पाटावरून उठले. मग वाकून त्यांनी पहिली खुंटी उपटली. गुडघ्यामुळे त्रास होत होता, पण मला त्यांनी हात लावू दिला नाही. खुंट्या घेऊन ते धुऱ्याकडे आले आणि बांधापासून थोड्या अंतरावर एक ठोकली.

पलीकडे मोठे बाबा काठी टेकून पाहत होते. मोठी आई दारात होती. आईने डोक्यावर पदर घेतला.

"सांग वं त्याले," मोठे बाबा मोठ्या आईला म्हणाले, पण आवाज आमच्या विहिरीपर्यंत जाईल इतका मोठा. "तितं पावसात पाणी साचते. चार हात वर घे म्हणा."

मोठी आई काही बोलायच्या आतच बाबा आईला म्हणाले, "सांगून दे त्यायले, मले माहीत हाय. लहानपणापासून पाहून राहिलो मी हे वावर."

कोणीच कोणाला काही सांगितलं नाही. बाबांनी खुंटी उपटली, चार हात मोजले आणि वरच्या बाजूला ठोकली. मग आईशेजारी जाऊन बसले. नारळ फुटला. ताराचंदने फक्कीची रेघ ओढायला घेतली.

"सत्यवती," धुऱ्याच्या काठावर येऊन मोठी आई आईला म्हणाली, "मागच्या दाराले पायरी ठेवजो वं. उंच उंबरठा चढवत नाही मले."