शिवानीच्या लढाईतले बैल

शिवानीनं जुन्या काळातल्या लढाईचं चित्रपुस्तक काढलं होतं. त्यात लाल आभाळ, काळेकुट्ट सैनिक आणि सोनेरी शिंगांचे बैल होते. आता तिला मोबाइलवर त्याचाच सिनेमा करायचा होता. बलभीमकाकांनी बैलजोडी आजच्या दिवसापुरती दिली होती. उद्यापासून पेरणी होती.

मुलांनी शिंगं रंगवली, झुली चढवल्या. एक बैल या सैन्यात, दुसरा त्या सैन्यात. रणधीरनं हलगी वाजवली आणि शिवानी ओरडली, "हल्ला!"

दोन्ही बैल वळले, शेजारी आले आणि संथपणे मारुतीच्या देवळाकडे निघाले.

"आजोबा, हे असं का करायलेत?" शिवानीनं मला विचारलं.

"रंगवलेली शिंगं, झूल, हलगी. हे सगळं त्यांनी एकत्र कधी बघितलंय?"

"पोळ्याला!"

"आता पुरणपोळी मागतील," रणधीर म्हणाला. "बुडाली तुझी लढाई."

शिवानी मोबाइलमधून बघत होती. "अरे, हे लई भारी दिसतंय! हलगी थांबवू नको."

ती पुढं पळाली आणि राजे झालेल्या दोघा पोरांना देवळासमोर उभं केलं.

"आता तलवारी काढा. पण बैलांसारखं, सावकाश!"