दोन घरांचा एक बल्ब

सहादूनं भिंतीवर छिन्नी टेकवून हातोडी हाणली, तशी चुन्याची खपली उडून थेट त्याच्या डोळ्यात गेली. खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या भिमाबाई घाबरल्या.

"चोळू नका भाऊ. पाणी देऊ का?"

"काही नाही हो. भिंतीत लाकडी गुट्टी ठोकायची म्हटल्यावर एवढं चालायचंच."

डोळ्याची उघडझाप करत त्यानं पुन्हा हातोडी उचलली. सहादू सातपूरच्या कारखान्यात फिटर होता, वायरमन नव्हे. पण कुणाची फ्यूज बांध, कुणाचा होल्डर बदल, ही वस्तीतली कामं त्याच्याच गळ्यात पडत. आणि खरं सांगायचं तर ती गळ्यात पडलेली त्याला आवडत. शेजारच्या भिमाबाईंकडं आदल्या दिवशी मीटर बसलं होतं. आतली वायर मी ओढून देतो, असं त्यांनी विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं होतं.

तोवर दोन्ही घरांत मिळून एकच बल्ब होता. मधल्या भिंतीची वरची वीट काढून त्या भोकात तो टांगलेला. अर्धा उजेड इकडं, अर्धा तिकडं. मीटर सहादूचं, म्हणून बटणही सहादूच्या बाजूला. जेवणं उरकली की तो भोकाकडं तोंड करून विचारी, "बाई, मालवू का?" पलीकडून भिमाबाई म्हणत, "मालवा." इतक्या वर्षांत त्या एकदाही "थांबा" म्हणाल्या नाहीत. सहादूला याचा कोण अभिमान! दोन घरं एका बल्बवर राहतात आणि भांड्याला भांडं लागत नाही, हे तो कारखान्यात येईल त्याला ऐकवी. जयंतीच्या सभेत "पोरींना शिकवा" म्हणून बोलायला उभा राहिला, की त्यात हा बल्बही घुसडी. मग त्याला खाली बसवता बसवता लोकांच्या नाकी नऊ येत.

वायरची वरची लाकडी पट्टी ठोकून झाली. सहादू खाली उतरला आणि बटणाच्या जागेसाठी मधल्या भिंतीच्या कोपऱ्यात चुना खरवडू लागला. पांढऱ्या पापुद्र्याखाली भिंत काळीकुट्ट निघाली. त्यानं बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं.

"इथं चूल मांडत होता का बाई?"

"चूल कशाला? आमच्या लताची रॉकेलची चिमणी असायची तिथं. भिंतीला पाठ लावून बसायची अभ्यासाला. कितींदा चुना मारला, पण काजळी काय हटत नाय."

"चिमणी? अन् बल्ब असताना?"

"तुम्ही मालवल्यावर हो," भिमाबाई सहज बोलून गेल्या. "दिवसा माझ्यासंगं कामाला यायची, मग अभ्यास रात्रीच."

सहादूनं छिन्नी खाली ठेवली.

"मग एक शब्द टाकायचा ना बाई. ठेवला असता की मी चालू."

"तुम्ही ठेवलाच असता. म्हणून तर नाय बोलले." त्यांनी पदरानं स्टुलावरची धूळ झटकली. "तुमची पहाटेची पाळी. तुमच्या डोळ्यावर उजेड पाडून आमची पोर शिकवायची, हे काय बरं दिसतं? नाहीतरी नशिबात नव्हतं. मॅट्रिकला एकट्या गणितानं घात केला. मग देवळ्याचं स्थळ आलं. आता खळ्यावर कांदा निवडती. बरं चाललंय तसं."

बरं चाललंय हे त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, आणि त्या चहा टाकायला उठल्या.

सहादू काळ्या भिंतीकडं बघत बसला. भिंतीच्या पलीकडं, अगदी याच जागी, त्याचा वाल्मीक बसायचा. बल्ब मालवला की कंदिलाची वात बारीक करायची, भोकातून उजेड जाऊ नये म्हणून पोतं आडवं धरायचं आणि त्याच्याआड वाचायचं, हे सहादूनंच त्याला शिकवलं होतं. बल्ब थोडा वेळ ठेवू द्या म्हणून पोरगं सुरुवातीला कुरकुरलं, तेव्हा सहादू त्याच्यावर केवढा डाफरला होता. "पलीकडं बाई चार घरची भांडी घासून येते. तिच्या डोळ्यावर उजेड पाडून शिकलास तर ते शिक्षण काय कामाचं?" पोतं आणि कंदील यांच्यात पोराचे डोळे लाल व्हायचे, वर्गात पेंगायचं. मॅट्रिकच्या वर्षी त्यानं शाळाच सोडली. आता द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवर मालाच्या गोण्या चढवतो.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. अलीकडच्यांना वाटे पलीकडचे झोपलेत, पलीकडच्यांना वाटे अलीकडचे. दोन पोरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी पाठ लावून धूर गिळत बसली, आणि त्यांच्या डोक्यावर चांगला बल्ब थंड पडून राहिला. हे भिमाबाईंना सांगावं असं त्याला फार वाटलं. चहाचा कप हातात आला तेव्हा त्यानं तोंडही उघडलं, पण "साखर बरोबर आहे" एवढंच म्हणाला.

बटण बसवून झालं. भिमाबाईंनी स्वतःच्या हातानं ते दाबलं आणि खोली उजळली. त्यांनी हात जोडले, मग स्वतःशीच हसल्या. उजेडात करायचं असं त्यांच्याकडं आता काही उरलेलं नव्हतं. चष्मा लावून त्या नुसत्याच खाटेवर बसल्या.

"ते भोक तेवढं बुजवून टाका भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागचा आमचा त्रास गेला."

"त्रास कसला बाई," सहादू म्हणाला.

घरी येऊन त्यानं भोकातला बल्ब आपल्या बाजूला ओढून घेतला, पत्र्याच्या तुकड्यावर सिमेंट कालवलं आणि वीट घेऊन तो स्टुलावर चढला. वाल्मीक नुकताच कामावरून आला होता. हातपाय धुऊन तो जेवायला बसला. सहादूला आता राहवेना.

"वाल्मीक, ती लता आपण बल्ब मालवल्यावर चिमणी लावून बसायची रे. इथंच, या भिंतीच्या मागं. आज कळलं मला."

"मला ठाऊक होतं," वाल्मीक म्हणाला.

"तुला? ते कसं?"

"ऐकू यायचं ना भोकातून. गणितं सोडवताना पुटपुटायची. कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं बदलायला विसरायची. रोज तिथंच अडायची, पुन्हा पहिल्यापासून करायची, पुन्हा तिथंच. मला उत्तर यायचं. अगदी ओठावर यायचं."

सहादूच्या हातातली वीट तशीच राहिली.

"मग सांगितलं का नाहीस रे तिला?"

वाल्मीकनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. तो रागावलेला नव्हता. साधी गोष्ट समजावून सांगावी तसा तो म्हणाला,

"सांगितलं असतं तर आपण जागे आहोत हे त्यांना कळलं असतं ना, आप्पा."