सोय नसल्याचा दाखला

हेडमास्तरांनी स्क्रू पिळला आणि पाटी एका बाजूने भिंतीला बसली. दुसरी बाजू त्यांच्या बायकोने खालून धरली होती.

"डावीकडे उतरलीय हो."

"उतरू दे. अकरा वर्षांनी लागतेय, जरा वाकडी लागली तर आभाळ कोसळणार नाही."

पाटीवर 'पदवी अभ्यास केंद्र' असं लिहिलं होतं. खोली बेटावरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची. भिंतींचा मासळीचा वास काही केल्या जात नव्हता. शाखा दोनच, कला आणि वाणिज्य. पण एवढ्यासाठीसुद्धा मास्तरांनी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. बोटीत ओकून ओकून जीव नकोसा व्हायचा, तरी जायचे. शाळा संपली की पोरं निघून जायची, ती आपल्या लग्नाचं आमंत्रण द्यायलाच उगवायची. तीही सगळी नाहीत.

लेक कागद घेऊन आली.

"बाबा, एवढी सही करा ना. दुपारच्या बोटीने पाठवायचाय."

कागद ओळखीचाच होता. बावीस वर्षं दर उन्हाळ्यात ते त्यावर सह्या ठोकत आले होते. 'या बेटावर पदवी शिक्षणाची सोय नाही.' हा दाखला जोडला की पलीकडच्या कॉलेजात बेटासाठी राखलेली जागा मिळायची. जहाजबांधणीला अशी एकच जागा होती, आणि लेकीने परीक्षा देऊन ती पटकावली होती.

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. मग पुन्हा लावलं. आत जाऊन त्यांनी कॉलेजला फोन केला.

"मॅडम, आमच्याकडे जहाजबांधणी शिकवत नाहीत हो."

"दाखल्यात विषय विचारलेला नाही, सर. सोय आहे की नाही, एवढंच."

"कला आहे. वाणिज्य आहे."

"म्हणजे आहे."

बाहेर आले तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं ते बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करून टाका की सही. कोण बघायला येतंय?"

"कुणी पाहिलं तर केंद्रच जाईल. नऊ पोरांनी नावं घातलीत."

"ती नऊ दुसऱ्यांची. ही एकच आपली."

मास्तर लेकीकडे बघत राहिले. तिने भांडावं, रडावं, पाय आपटावेत, असं त्यांना फार वाटलं. तिने नुसता शब्द टाकला असता तरी त्यांनी डोळे मिटून सही केली असती. पण तिने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला आणि नीट चौघडी घातली.

"राहू दे. खोटं कशाला लिहायचं?"

"अगं, एक वर्ष इथे कर. पुढच्या वर्षी बघू काहीतरी."

ती मान हलवून गेली. पुढच्या वर्षीही इथे सोय असणारच होती. त्यासाठीच तर त्यांनी अकरा वर्षं घातली होती.

पहिल्या दिवशी वर्गात दहा जण होते. पहिला तास मास्तरांनीच घेतला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, हा वास पण अभ्यासक्रमात आहे का?" आणि सगळा वर्ग खिदळला. लेकही हसली. पहिल्या बाकावर बसून तिने शब्दन् शब्द उतरवून घेतला, अक्षर नेहमीसारखं टापटीप. रुळेल पोरगी, मास्तरांना वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि पानावर बसले. बायको आत काहीतरी परतत होती. लेक भांडं घेऊन बाहेर आली.

"वाढू का, सर?"

मास्तर हसले आणि तिच्या हसण्याची वाट बघत थांबले. आतला झाऱ्याचा आवाज बंद झाला होता. लेक भांडं हातात धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा तर नव्हतीच. उत्तर मिळालं की वाढायचं, एवढंच.

"थोडंसं," ते म्हणाले.