दीड हात

मागणी चिठ्ठी. नाव: सानवी. खोका: १४, जुन्या कचेरीचे नकाशे. कारण: प्रबंध.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जुनी कागदपत्रं रत्नागिरीतल्या ज्या कचेरीत ठेवली होती, तिचाच नकाशा सानवी मागत होती. इमारत जांभ्याची, दीडशे पावसाळे अंगावर घेतलेली. नकाशात छप्पर भिंतीबाहेर जेमतेम वीतभर. प्रत्यक्षात त्याहून दीड हात पुढे. सूचीच्या कार्डावर शेरा: ‘स्थानिक सुताराच्या चुकीने छप्पर लांबले.’

तिचे मार्गदर्शक चारुदत्त सर म्हणत होते, हेच वाक्य प्रकरणात घाल. वाक्य नाही तर सही नाही. आणि प्रकरण आज द्यायचं होतं.

मागणी चिठ्ठी. खोका: १५, पत्रव्यवहार. कारण: चूक कुणाची ते बघायचंय.

पंधराव्या खोक्यात गोऱ्या इंजिनिअरचं तक्रारीचं पत्र निघालं. दादू नावाच्या सुताराला तीनदा बजावलं, तरी वासे आखूड करायला तो नाहीच म्हणतो. कारण विचारलं तर उद्धटपणे सांगतो, "साहेब पावसाळ्यात पुण्याला जातो. आम्ही इथेच असतो."

सानवी एकटीच हसली. प्रकरणातलं वाक्य तिने खोडलं. लिहिलं: छपराची रचना दादू सुताराची.

सरांनी तिथेच, कचेरीत येऊन वाचलं, चष्मा काढला. संशोधनात भावनेला जागा नसते वगैरे बरंच ऐकवलं. शेवटी विचारलं, "तुझा कोण लागतो हा दादू?"

"कोणी नाही, सर."

तेवढ्यात मालिनीताई खोके ओढत आल्या. कागदपत्रं त्याच सांभाळत. मागची नवी इमारत आखूड छपराची. तिच्या भिंतींना ओल यायची. म्हणून तिथले खोके दर आषाढात इकडे, थेट दिवाळीपर्यंत.

"सर, भिंतीला हात लावून बघा," सानवी म्हणाली.

बाहेर पागोळ्या जोत्यापासून लांब, अंगणात पडत होत्या. सरांनी तळवा टेकवला. कोरडा ठणठणीत. त्यांनी तो तरीही रुमालाला पुसला.

"कोरडी भिंत हा पुरावा होत नाही."

"आणि कार्डावरचा ‘चुकीने’ हा शब्द पुरावा होतो?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"मग सहीशिवाय देते."

सर गेले. मालिनीताई खोक्यावरच टेकल्या. "काय गो, वर्ष फुकट जाईल हां तुझं."

"दादू तीनदा नाही म्हणाला, ताई. माझं हे पहिलंच."

मागणी चिठ्ठी. नाव: सानवी. खोका: नको. मागणी: कार्डावरचा ‘चुकीने’ हा शब्द काढावा. सुताराचं नाव लिहावं. नाकारल्यास उद्या पुन्हा मागेन.

मालिनीताईंनी ती दोनदा वाचली. मग तारखेचा शिक्का उचलून चिठ्ठीवर मारला. जरा जोरातच.