अर्धा गुण वजा

आमच्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेचा एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे: भाषणात हिंदी शब्द आला की अर्धा गुण वजा. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, अंगात रग होती, आणि जबलपुरातली मराठी पोरं घरातसुद्धा 'चलो, खाना लगा दो' म्हणायला लागली होती. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी हे केलं. पोरांना माझा धाक होता आणि मला त्या धाकाचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

यंदा फक्त पाच नावं आली. मंडळाचे अध्यक्ष अच्युतराव माझ्याबरोबर परीक्षक असतात. ते म्हणाले, "विनताताई, पुढल्या वर्षी हेही यायचे नाहीत. आता बंद करून टाकू. उगाच हॉल अडकतो."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर स्पर्धा बंद होणार नाही," मी म्हटलं. विषयही मुद्दाम ताजा दिला होता: कृत्रिम बुद्धिमत्ता मानवी मनाची बरोबरी करू शकेल का? या विषयावर पोरं तावातावाने भांडतील अशी माझी समजूत होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी स्पर्धा झाली. पहिला उभा राहिला वेदांग, राइट टाउनमध्ये माझ्या शेजारीच राहणारा अकरावीतला मुलगा. यंत्राजवळ माहिती असते पण संवेदना नसते, असं तो म्हणाला आणि पुढे आईच्या डोळ्यांतल्या अश्रूंचा दाखला दिला. एकही हिंदी शब्द नाही. मी खूश. दुसऱ्या मुलीनेही संवेदनेचं तेच वाक्य म्हटलं आणि तिच्याही आईच्या डोळ्यांत अश्रू आले. तिसऱ्याच्याही आईच्या डोळ्यांत आले. चौथ्याच्या भाषणात आई आली तेव्हा लोक उघड उघड हसायला लागले. यंत्र माणसाची बरोबरी कधीच करू शकणार नाही, हे चौघांनाही यंत्रानेच लिहून दिलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी जागेवरून उठले. "पुरे झालं. पाठ केलेलं कुणी बोलायचं नाही. जे स्वतःच्या डोक्यात आहे तेवढंच बोला."

आता एकटी एकता उरली होती. ती बारावीत आहे, नेपियर टाउनमध्ये राहते. वडील सरकारी नोकरीत, आजोबांच्या वेळी विदर्भातून आलेलं बौद्ध कुटुंब. तीन वर्षं मंडळात येते आणि मागच्या ओळीत गप्प बसते, एवढीच माझी तिच्याशी ओळख. तिने हातातला कागद दुमडून खिशात घातला.

"काकू, माझ्याजवळ बी तेच भाषण होतं. आईचे आंसूवालं," ती म्हणाली. लोक हसले, ती हसली नाही. "आता बिना कागदाचं बोलते. मला वाटते, मशीन बरोबरी करू शकते. एका बाबतीत तर ती आताच पुढे आहे. काहून की..."

"काहून नाही. कारण," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं, विचार करून नव्हे.

"हेच," एकता म्हणाली. "हेच सांगून राहिली मी. मी तोंड उघडलं की तुम्ही टोकता. अच्युतकाका बी टोकतात. आमच्या घरी आजी जशी बोलते तशी मी इथे बोलली, तर सगळे एकमेकांकडे पाहतात. मग मी चुप बसते. फोनमध्ये ती मशीन आहे ना, तिच्यासोबत मी रोज मराठीत बोलते. ती हसत नाही. मी दहा वेळा गलत बोलली, तरी पूरी बात ऐकून घेते. इतकं मन लावून माझं इथे कोणी ऐकलं नाही, काकू. तर मग मन कोणाजवळ आहे? तुम्हीच सांगा."

मला ते फार झोंबलं. खोटं असतं तर मी तिथल्या तिथे तिला सुनावलं असतं, पण एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या घराण्यात पेशव्यांच्या काळापासूनची मराठी आहे, हे मी या पोरांना किती वेळा ऐकवलं असेल. पोरांचं बोलणं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

अच्युतराव माझ्या कानाशी आले. "मी मोजत होतो. हिच्या गुणांतलं काही उरत नाही."

नियमाप्रमाणे वेदांग पहिला आला. खेळ संपल्यावर नियम बदलणं मला पटत नाही, म्हणून चषक मी त्यालाच दिला. तो घेताना बिचारा खाली बघत होता. मग मी माइक हातात घेतला. "अर्ध्या गुणाचा नियम आजपासून बंद. मी केला होता, मीच मोडते. दर शनिवारी चार वाजता माझ्या घरी या आणि येईल त्या मराठीत बोला. मी टोकणार नाही."

"टोकलं तर?" एकताने विचारलं.

"तर उठून चालती हो."

"असं परस्पर कसं? कार्यकारिणीचा ठराव लागेल," अच्युतराव म्हणाले.

"मांडा की ठराव. मी कुठे पळून चालले आहे?"

शनिवारी एकटी एकता आली. मी खव्याची जिलबी मागवून ठेवली होती. तिचे मामा कुंडमकडे वनरक्षक आहेत. तिथे गेल्या महिन्यात ती त्यांच्या जीपमधून जात असताना समोर बिबट्या आला होता, ते ती सांगायला लागली. हात हलवून, डोळे मोठे करून. ही मुलगी इतकी छान बोलते हे मला माहीतच नव्हतं. "अन् काकू, आमची जीप बीच रस्त्यात रुकली..."

"थांबली, बाळा," मी अगदी गोड आवाजात म्हटलं.

एकता उठली. स्कूटीची किल्ली उचलली आणि निघून गेली. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी समोरच्या जिलबीकडे बघत बसले. वय सहासष्ट, चाळीस वर्षांची खोड, आता कुठे जाणार, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण ती आत्ता घरी जाऊन बिबट्याची गोष्ट फोनला सांगत असेल, हा विचार काही केल्या जाईना. आधी मला त्या यंत्राचा राग आला, मग माझा. हरायला मला मुळीच आवडत नाही, आणि या पोरीच्या बाबतीत तर हरायचंच नव्हतं.

रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि पत्ता विचारत नेपियर टाउनला पोचले. खाली दातांचा दवाखाना, वर तिसऱ्या मजल्यावर घर. माझे गुडघे बरे नसतात. प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून चढले. दार तिच्या आजीने, पार्वताबाईंनी उघडलं.

"एकते, तुही मास्तरीण आली," त्यांनी आत हाक दिली आणि मला म्हणाल्या, "बसा बाई. कालपासून तोंड फुगवून हाय."

एकता बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. वाटेत मी चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. धाप लागलेली, घाम आलेला, आणि शाळेतल्या पोरीसारखी मी उभी.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "पुन्हाही चुकेन, खोटं कशाला सांगू? पण मी हे सोडणार नाही. तू रागाव, उठून जा, मी पुन्हा येईन. तुझं बोलणं ऐकल्याशिवाय मी राहणार नाही."

एकता दारातून पुढे आली. "काकू, मशीन बी चुकते कधी कधी," ती म्हणाली. "मी सांगितलं की लगेच माफी मागते. हर बार. खूप छान मागते."

"मग?"

"मग काही नाही. तिला त्यासाठी कधी जिना नाही चढावा लागला."

तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "शनिवारपर्यंत काय थांबता? आताच ऐका, बिबट्याचं पुढे काय झालं ते."

मी ऐकलं. दोनदा ओठ चावावा लागला, पण शेवटपर्यंत ऐकलं.