मास्तरचा पुरावा

डॉक्टरीणबाईंनी मास्तरला गोळ्या लिहून दिल्या आणि मान वर न करताच सांगितलं, की हा रोग एकट्याचा नसतो. आठवडाभरात बायकोला घेऊन या. उशीर केलात तर तिला आतल्या आत भोगावं लागेल.

गाडी शिकवणारा मास्तर दवाखान्याची पायरी उतरला तो एकच विचार घेऊन. हे तिच्याकडूनच आलं असलं तर?

खरं तर कुठून आलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. शिकवणीच्या गाडीत त्याच्या पायाखाली जादा ब्रेक असायचा, आणि दिवसभर तो लोकांच्या चुका दाबून थांबवायचा. स्वतःच्या वेळी मात्र पाय उचललेला. निरोध खिशात असून वापरायचा नाही. बाईपेक्षा धोक्याचीच चटक जास्त. घरी येऊन बायकोसमोर जेवताना छातीत जी धडधड व्हायची, तिच्यासाठीच सगळा खटाटोप. पकडलो गेलो नाही म्हणजे आपण हुशार, असं त्याला वाटायचं. असले हुशार पैशाला पासरी मिळतात.

पण आपण एकटेच चोर ठरण्यापेक्षा घरात दोन चोर निघाले तर बरं. मग सांगायचीही लाज नाही. म्हणून मास्तर संशय घ्यायला लागला, आणि अगदी मनापासून.

बायको चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून काडी नीट बसवायची. चौदा वर्षांत जे मास्तरला दिसलं नव्हतं, ते आता दिसायला लागलं. शिवाय तिथला तो डोळे तपासणारा. दिवा घालवून, अंधाऱ्या खोलीत, समोरच्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बसतो. तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच डोळे तपासायला गेला. तपासणारा निघाला बोळक्या तोंडाचा म्हातारा, दर दोन मिनिटांनी स्वतःचाच चष्मा पुसणारा. दुसरा कुणी नवरा सुटकेचा श्वास टाकून घरी आला असता. मास्तरची मात्र घोर निराशा झाली.

गेले काही दिवस बायको पाठ करून झोपत होती. विचारलं तर म्हणाली, कंबर दुखते. मास्तरला ऐकून बरं वाटलं, संशयाला आणखी एक पुरावा मिळाला. बायकोची कंबर दुखते म्हणून बरं वाटणारा हा माणूस.

सहाव्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि त्याने तिची पर्स पलंगावर उपडी केली. चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर, काचा पुसायची फडकी, रबरबँड. आतल्या कप्प्यात गोळ्यांचं पाकीट. त्याच गोळ्या, तोच रंग. अर्ध्याहून जास्त संपलेल्या. मास्तर नाचायचाच काय तो बाकी राहिला.

ती केस पुसत बाहेर आली. त्याने पाकीट तिच्या नाकासमोर धरलं.

"कोण आहे तो?"

"कोण?"

"वेड पांघरू नकोस. या गोळ्या कशावरच्या आहेत ते कळतं मला."

ती पलंगाच्या कडेला बसली. टॉवेलाची घडी घातली.

"पाकिटावर तसं काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

मास्तरने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

मग तीच बोलत गेली, हवापाण्याबद्दल बोलावं तशी. दहा दिवसांपूर्वी ओटीपोटात दुखायला लागलं म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली होती. तिथेही हेच सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. ती दुसऱ्या कुणाकडे गेलेली नव्हती, म्हणजे सोडवायचं कोडं काही उरलंच नव्हतं. तो आपणहून सांगेल म्हणून ती थांबली होती. फ्रिजच्या दाराआड उभा राहून तो गोळी गिळतो, तेही तिने पाहिलं होतं.

"दुकानात आलात, तेव्हा वाटलं सांगायलाच आलात," ती म्हणाली. "मी खुर्चीसुद्धा पुढे केली."

मास्तरने मान खाली घातली. मनातल्या मनात जुळवाजुळव चालू होती. पाया पडायचं, एकदाच पाय घसरला म्हणायचं, डोळ्यांत पाणी आणायचं. ते यायलाही लागलं होतं.

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "त्या बाईला सांगितलंत का? औषध तिलाही घ्यावं लागेल."

आणि विचार करायच्या आत मास्तरच्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या?"

तिने त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि त्या दिवसाची गोळी पाण्याबरोबर गिळली. मग एक वही आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"लिहा. आठवतील तेवढ्या."

मास्तरने पेन उचललं, आणि पहिल्याच नावाला अडला.