सव्वीस तारखेचं पान

"पलटलं का पान, दिवाणजी?"

दुकानाच्या फळ्या अजून अर्ध्याच निघाल्या होत्या आणि रखमाजी सायकल भिंतीला टेकवून पायरीवर उभा होता. सव्वीस तारीख. दर सव्वीसला हा माणूस असाच यायचा, डेपोचा भोंगा व्हायच्या आधी, पहिलं गिऱ्हाईक म्हणून.

"अहो, मला टोपी तरी उतरवू द्या," मी म्हणालो. "पान काही पळून जात नाही."

"न्हाई म्हनलं, चुकून कालच्या तारखेला लिव्हाल."

"लिहिलंय कधी?"

"तसं न्हाई वो. इचारलेलं बरं."

मग कोपरीच्या खिशातून यादी निघायची. तेल, साखर, चहाची पुडी, साबण, रॉकेल. महिन्याच्या विसाव्या-बाविसाव्याला घरात जे जे संपलं असेल ते सगळं याने सव्वीसपर्यंत दाबून धरलेलं असायचं. साखर संपली तर गुळाचा चहा, गूळ संपला तर चहाच नाही. मी त्याचं नाव 'सव्वीसराव' ठेवलं होतं. त्याला ते आवडायचं. माणूसच तसला.

ही विद्या त्याला शिकवली कुणी? मीच. दुसरं कोण?

देहूरोडच्या बाजारात आमच्या शेठचं दुकान होतं. अर्ध्या दुकानात किराणा, अर्ध्यात शेठचा धाकटा भाऊ औषधं विकायचा. गल्ले दोन, पण उधारीची वही एक, आणि ती लिहिणारा मी एकटा. लष्कराच्या डेपोतल्या कामगारांचा पगार सात तारखेला. माझी वही बंद व्हायची पंचविसाव्याला, आणि सव्वीसला प्रत्येक गिऱ्हाइकाचं नवं पान उघडायचं. पंचवीसपर्यंत नेलेल्या मालाचे पैसे येत्या सातला द्यायचे, आणि सव्वीसपासून नेलेल्याचे त्याच्या पुढच्या महिन्याच्या सातला. म्हणजे पंचवीसला साखर नेली तर तेरा दिवसांत पैसे मोजा, आणि तीच साखर सव्वीसला नेली तर चांगले सव्वा महिन्याच्या वर कुणी विचारत नाही. व्याज नाही, काही नाही. हे एकदा मी रखमाजीला गंमत म्हणून सांगितलं. तो पायरीवर बसून बोटांवर मोजत राहिला, आणि मग माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याला गुप्तधन दाखवलंय.

आणि ही पंचवीस तारीख तरी ठरवली कुणी? तीही मीच. महिना काही आभाळातून पंचविसाव्याला संपत नाही. मला बिलं करायला पाच दिवस लागत, म्हणून पंचवीस. सर्दी जास्त होत असती तर चोवीस ठरवली असती.

रखमाजी परंदवडीचा. घरची थोडी भातजमीन भावकीत, हा डेपोत लाकडी खोकी ठोकायला. त्याची बायको विठाबाई घरचं करून दुसऱ्यांच्या रानात जायची आणि उरलेल्या वेळात हाताने चोळ्या शिवायची. "तिची शिवन बगा दिवाणजी, मशीन झक मारतंय," असं तो सांगायचा. तिच्यासाठी शिवणयंत्र घ्यायचं हे त्याच्या डोक्यात भरलं होतं. लोकांच्या रानात वाकणं सुटंल, सावलीत बसून चार पैसे मिळवंल, एवढंच त्याचं गणित.

सहासष्ट सालच्या दिवाळीला शेठ तीन शिवणयंत्रं आणणार होते. अनामत काही नाही, महिना पंधरा रुपये हप्ता. पण अट होती. मागच्या दिवाळीपासून बारा पानं स्वच्छ पाहिजेत. स्वच्छ म्हणजे सातचे पैसे सातला, आणि कुठल्याही पानावर साठ रुपयांच्या वर उधारी नाही. साठाच्या वर एक पैसा गेला की पुन्हा पहिल्यापासून बारा. शेठना वाटलं होतं, कुणालाच जमणार नाही आणि यंत्रं रोखीत विकता येतील. रखमाजीची अकरा पानं झाली तेव्हा शेठ मला म्हणाले, "हा खोकीवाला घेणार की काय!"

बाराव्या पानाची ही गोष्ट.

ऑक्टोबरची तेवीस. संध्याकाळी डेपो सुटल्यावर दुकानात गर्दी होती आणि माझं डोकं ठणकत होतं. त्याच सकाळी शेठने मला चार गिऱ्हाइकांदेखत झापलं होतं. एका रेल्वेच्या बाबूचा तुपाचा डबा मी भिडेखातर पुढच्या पानावर चढवला होता, तो शेठच्या नजरेला पडला. "वही तुमच्या तीर्थरूपांची आहे का, दिवाणजी?" असं म्हणाले. पन्नाशीला आलेला माणूस मी. दिवसभर ते वाक्य माझ्या पोटात जळत होतं.

रखमाजी गर्दी कमी व्हायची वाट बघत बाजूला उभा होता. तेवीसला हा कसा काय, असंही माझ्या मनात आलं नाही. हातात एक चिठ्ठी होती. मी ती बघितली. वाचली मात्र नाही.

"दिवाणजी, येक इचारू का? आज नेलं आन् सव्वीसला लिव्हलं, तर चालंल?"

झालं! दिवसभराची जळजळ बाहेर पडायला मला तोच सापडला.

"तारीख म्हणजे तारीख, रखमाजी. तुम्हीच नाही का अख्ख्या डेपोला सांगत फिरता?"

दोघं-तिघं हसले. रखमाजीही थोडं हसला.

"ह्या पानावर किती झालं वो माजं?"

मी पान उघडलं. "अठ्ठावन्न रुपये चाळीस पैसे."

"म्हंजी येक रुपाया साठ पैसं ऱ्हायलं."

"हो. आणि त्याच्या वर गेलात तर मशीन विसरा. पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा बारा पानं."

तो चिठ्ठीकडे बघत उभा राहिला. ओठ हलत होते, हिशेब चालला असावा. पलीकडे औषधांच्या कपाटापाशी शेठचा भाऊ मोकळाच बसला होता. रखमाजीने एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तीनच दिस हायेत."

"मग काय! तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

हे मी म्हणालो. याच तोंडाने. त्याने चिठ्ठीची घडी घातली, टोपीत ठेवली आणि सायकल काढली. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. शेठ गल्ल्यावरून ऐकत होते ना!

सव्वीसला तो आला तो उशिरा. भोंगा होऊन गेला होता. "पलटलं का पान" म्हणाला नाही. चिठ्ठी तेवढी माझ्यापुढे ठेवली. तळेगावच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. डोळ्यात घालायचे थेंब आणि मलम. खाली ठळक लिहिलं होतं, ताबडतोब सुरू करणे. तारीख तेवीस.

"रखमाजी, ही तेवीसची आहे."

"व्हय."

"डोळा कुणाचा?"

"घरवालीचा. भात कापताना पातं लागलं. पयलं वाटलं, जाईल दोन दिसांत. लाल झाला, पानी थांबंना, म्हून डाक्टरकडं नेलं. व्हतं ते दोन रुपय त्याला दिलं."

"अहो, मग त्या दिवशी बोलायचं नाही का!"

"तुमीच म्हनला की, तारीख म्हंजी तारीख."

रागाने म्हणाला असता तर मला सोसलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. नियम सांगावा तसं सांगितलं त्याने.

"ती तरी कशी गप्प बसली?"

"म्या म्हनलं, तीन दिस दम काढ. पान भरलंय. आता येका औषिदापायी वरीसभराचं मुसळ केरात घालायचं का? ती म्हनली, मशीन येतंय तर काढते." मग म्हणाला, "रातीची लय कन्हायची वो."

औषध चार रुपये दहा पैशांचं होतं. त्या पानावर चढवलं असतं तर साठाच्या वर अडीच रुपये गेले असते. तेवीस तारखेला संध्याकाळी माझ्या स्वतःच्या खिशात सात रुपये होते. त्यातले आठ आणे मी घरी जाताना भजी खाण्यात घातले. हे मला अजून आठवतं, आणि आठवलं की त्या बाजाराच्या भज्यांचा वास नकोसा होतो.

मी नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलं. औषध, ४ रुपये १० पैसे. रखमाजी ते घेऊन डेपोत न जाता तसाच घरी गेला.

आठवड्याने त्याने तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर सात तारखेला तो पगाराचे पैसे भरायला आला. अठ्ठावन्न रुपये चाळीस पैसे, मोजून, सुट्यासकट. मी पावती फाडली आणि विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"फूल पडलं, म्हनला. डावा डोळा गेला."

"आधी नेलं असतं तर?"

"येळेवर औषिद पडलं असतं तर कायतरी झालं असतं, म्हनला." पावतीची घडी घालत तो म्हणाला, "पर नक्की न्हाई म्हनला. नक्की सांगता येत न्हाई, आसंच म्हनला."

ते 'नक्की नाही' त्याने दोनदा म्हटलं. मीही मनात म्हटलं. कितीदा म्हटलं याला मोजदाद नाही.

पाडव्याला नव्या वह्यांची पूजा झाली. दुकान झेंडूने सजवलेलं, शेठच्या अंगावर नवा कोट. अटीत बसलेला एकच माणूस निघाला होता, त्यामुळे शेठने त्याचा समारंभच केला. यंत्राला हळदकुंकू, वर नारळ. पाच-पंचवीस डेपोवाले जमवले. "बघा, शिका काही! बारा पानं आणि एक डाग नाही," असं म्हणून त्यांनी रखमाजीला पेढा दिला. रखमाजी पेढा हातात धरून उभा राहिला.

विठाबाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ठेंगणी, काळीसावळी, पदर घट्ट खोचलेला. डाव्या बुबुळावर पांढरं.

"बसा, बसा," शेठ म्हणाले. "पाडव्याची ओवाळणी आहे तुमची. चालवून दाखवा सगळ्यांना."

ती बसली. दोरा घेतला, टोक ओठांत ओलं केलं आणि सुईकडे नेलं. दोरा सुईच्या अलीकडूनच गेला. पुन्हा नेला, तर पलीकडून. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. लोक आधी हसत होते ते गप्प झाले. शेठ घड्याळ बघू लागले.

रखमाजी पुढे वाकला. "दे, म्या ववतो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजं मी बगते."

तिने डाव्या हाताचं बोट सुईच्या मागे लावलं, चाचपून नेढ्याची जागा धरली आणि दोरा ओवला. चिंधी घातली. पायाने पट्टी हलवली. शिवण एकदम सरळ आली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

रखमाजी आणि दोघं जण यंत्र बैलगाडीत चढवायला लागले तेव्हा ती माझ्या बैठकीपाशी आली.

"दिवाणजी तुमीच व्हय?"

"हो."

"माज्या औषिदाचं लिव्हलंय त्ये कुटं हाय?"

जुनी वही अजून शेजारीच होती. मी ती उघडून ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ओळीवर बोट ठेवलं.

"आन् ह्यांचं त्ये सोच्छ पान?"

"ते याच्या आधीचं."

मी तेच पान उलटून दुसरी बाजू दाखवली. तिने माझ्या हातातून ते पान घेतलं, एकदा इकडे केलं, एकदा तिकडे. मग दोन बोटांच्या चिमटीत धरून कापड बघतात तसं चोळून बघितलं.

"मधी येवढंच व्हय?"

मला बरंच काही म्हणायचं होतं. सात रुपयांचं सांगायचं होतं. तारीख मीच ठरवली होती, एका फटक्यात मोडताही आली असती, हे सांगायचं होतं. पण शेठ चार हातांवर उभे होते, आणि माझी नोकरी होती.

"हो," मी म्हणालो. "एवढंच."

तिने पान सोडलं, ते नीट बसवलं, वरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरली.

गाडी निघाली. यंत्र हलू नये म्हणून ती गाडीच्या मागे, एका हाताने यंत्र धरून चालू लागली. रखमाजी सायकल ढकलत तिच्या उजव्या अंगाला आला आणि काहीतरी बोलू लागला. चार पावलं ती तशीच चालली. मग त्याच्या मागून वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि पुन्हा यंत्र धरलं. आता रखमाजी तिच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला होता. तो बोलतच होता. ती समोर बघत चालली होती.